३९ दिवस शोधूनही न सापडलेलं विमान: हेल बॉग्ज आणि निक बेगिच, अलास्का १९७२

होकायंत्र (मूळ धागा)

गेला आठवडाभर हे प्रकरण डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतेय. लांबलाय, पण वाचा.

१६ ऑक्टोबर १९७२, सोमवार. सकाळी नऊच्या सुमारास अलास्कातल्या अँकरेजहून दोन इंजिनांचं एक छोटं सेसना ३१० विमान जुनोला निघालं. जुनो ही अलास्काची राजधानी असली तरी बाहेरून तिथे जाणारा रस्ता नाही. विमानाने जा, नाहीतर बोटीने. विमानात चौघं होते. हेल बॉग्ज, वय ५८, न्यू ऑर्लिन्सचे खासदार आणि अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातल्या बहुमतवाल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते, म्हणजे सभागृहात सभापतींच्या खालोखालचा माणूस. निक बेगिच, वय ४०, अलास्काचे एकुलते एक प्रतिनिधी, आधीच्या आयुष्यात शिक्षक, सहा मुलांचे वडील. बेगिच यांचे सहायक रसेल ब्राउन. आणि वैमानिक डॉन जॉन्झ.

निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती. बॉग्ज यांच्यासमोर त्यांच्या मतदारसंघात कुणी उमेदवारच नव्हता. त्यांना घरी बसून राहता आलं असतं. ते अलास्काला गेले ते पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका तरुण सहकाऱ्याच्या प्रचाराला. आदल्या रात्री अँकरेजला कार्यक्रम झाला आणि पुढचा जुनोला होता.

उड्डाणानंतर दहाएक मिनिटांनी जॉन्झने रेडिओवरून मार्ग कळवला. अंदाजे साडेतीन तासांचा प्रवास, टाकीत सहा तासांचं इंधन. खालच्या माणसाने विचारलं, आणीबाणीचं सामान आणि ठिकाण कळवणारा बीकन बरोबर आहे ना? उत्तर आलं, आहे.

त्या विमानाचा हा शेवटचा आवाज. पुढे काहीच नाही.

३९ दिवस शोध चालला. हवाई दल, तटरक्षक दल, नागरी वैमानिक, सगळे उतरले. एसआर-७१ हे टेहळणी विमानसुद्धा वापरलं. सुमारे ३ लाख २५ हजार चौरस मैल पालथे घातले. आपला महाराष्ट्र जवळपास पावणेतीन वेळा बसेल एवढा हा पट्टा! पंखाचा तुकडा नाही, एखादी बॅग नाही, पाण्यावर तेलाचा तवंगसुद्धा नाही. २४ नोव्हेंबरला शोध थांबवला. आजपर्यंत काही मिळालेलं नाही.

अपघात चौकशी मंडळाच्या अहवालातली एक गोष्ट वाचल्यापासून मला चैन नाही. जॉन्झचा सोबत नेता येईल असा बीकन फेअरबँक्सला, दुसऱ्याच एका विमानात सापडला. त्यांच्या विमानात बीकन नव्हताच, असा मंडळाचा निष्कर्ष आहे. म्हणजे रेडिओवर 'आहे' म्हणणाऱ्या माणसाला तो बरोबर आहे असं खरंच वाटत असेल का? का घाईत हो म्हणून टाकलं?

या घटनेमुळेच पुढे अमेरिकेत सगळ्या छोट्या विमानांना असा बीकन सक्तीचा करणारा कायदा झाला. कुणाला आणखी माहिती असेल तर जरूर लिहा.

माळरान

वाचतोय. हे नावही कधी ऐकलं नव्हतं. अमेरिकेच्या सभागृहाचा नेता असा हवेत विरून जातो आणि आपल्याला पत्ता नाही.

पिस्टन

छान लिहिलंय. मी छोटी विमानं चालवायला शिकलोय, तेव्हा हवामानाबद्दल थोडं.

अँकरेजहून पूर्वेला जाताना टर्नअगेन आर्म नावाची समुद्राची निमुळती खाडी लागते. दोन्ही बाजूंना डोंगर. खाडीच्या टोकाला पोर्टेज खिंड आणि पलीकडे प्रिन्स विल्यम साउंड नावाचा उपसागर. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने याकुटाटवरून जुनो. खिंड फार उंच नाही, पण दोन बाजूंच्या हवेचा दाब वेगळा असला की वारा तिथून नळकांड्यातून फुंकल्यासारखा येतो. त्या दिवशी खिंडीत ढग, बर्फ धरण्याची शक्यता आणि जोराचे हेलकावे, असं सगळंच होतं. आणि जॉन्झने नोंदवलं होतं ते 'व्हीएफआर' उड्डाण. म्हणजे ढगात न शिरता, बाहेर डोळ्यांनी बघत जायचं. हवामान त्या प्रकारच्या उड्डाणाला योग्य नव्हतं, असं चौकशी मंडळानेही म्हटलंय.

बर्फाचं वजन वाढतं म्हणून विमान पडतं, असं बरेच जण समजतात. वजन हा त्यातला लहान भाग. ढगातलं पाणी शून्याच्या खालीही न गोठता थेंबांच्या रूपात राहू शकतं. तो थेंब पंखाच्या पुढच्या कडेवर आपटला की जागच्या जागी गोठतो. थरावर थर बसतो आणि खडबडीत होत जातो. पंख उचलतो तो त्याच्या आकारामुळे. आकारच बिघडला की उचल कमी होते आणि हवेचा अडथळा वाढतो. इंजिनाचा जोर पूर्ण लावला तरी विमान उंची धरत नाही. मागे वळावं तर खिंडीत तेवढी रुंदी हवी, आणि वळताना पंखाला जास्त उचल लागते. ती तर आधीच गेलेली असते.

आता यातली विलक्षण गोष्ट. याच जॉन्झचा एक लेख अमेरिकेतल्या मोठ्या विमान-मासिकात त्याच सुमारास छापून आला होता. विषय होता विमानावर धरणारा बर्फ, आणि सूर होता की त्याचा उगाच बाऊ केला जातो. माणूस अनाडी नव्हता, हजारो तास उडालेला होता. पण अलास्कात उडणाऱ्यांत एक धारणा असते की इथे पोथीप्रमाणे उडायचं ठरवलं तर वर्षातले निम्मे दिवस घरीच बसावं लागेल. शंभर वेळा निभावलं की ते कौशल्य वाटायला लागतं. मला स्वतःला हे वाचून भीती वाटली, कारण हा विचार माझ्याही मनात येऊन गेलेला आहे.

चष्मेबद्दूर

पिस्टन, सगळं पटलं, पण तुम्ही लोक मोठी गोष्ट सोडताय. बॉग्ज हे केनेडींच्या खुनाची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाचे सदस्य होते. आयोगाच्या निष्कर्षांबद्दल पुढे त्यांना शंका होत्या, असं अनेकांनी म्हटलंय. एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी भर सभागृहात एफबीआयवर, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेवर, खासदारांचे फोन चोरून ऐकल्याचा आरोप केला आणि तिचा प्रमुख एडगर हूव्हरचा राजीनामा मागितला. त्या काळात हूव्हरविरुद्ध असं उघड बोलायला किती जण धजत होते? दीड वर्षात माणूस गायब. आणि एफबीआयच्या जुन्या कागदांत एक टेलेक्स निघाला, १९९२ मध्ये त्याची बातमी झाली. विमान कुठे पडलंय आणि त्यात दोघं जिवंत आहेत, असं सांगणारी खबर त्यात होती. याला योगायोग म्हणायचं?

होकायंत्र

चष्मेबद्दूर, प्रश्न रास्त आहे आणि मीही त्या वाटेने दोन रात्री फिरून आलेय. मला अडलेली गोष्ट साधी आहे. हूव्हर २ मे १९७२ रोजी वारला. विमान गेलं ऑक्टोबरात. मेलेला माणूस साडेपाच महिन्यांनी कुणावर सूड उगवणार?

टेलेक्सचं म्हणाल तर एवढा मोठा शोध सुरू असताना खबरी येणारच. कुणी नवं यंत्र वापरून ठिकाण शोधल्याचं सांगतं, कुणाला स्वप्नात दिसतं. खबर आली होती एवढं त्या कागदावरून सिद्ध होतं. ती खरी होती, हे नाही. नव्वदच्या दशकात एका कैद्याने अँकरेजला बॉम्ब पोचवल्याचंही सांगितलं होतं. त्यातूनही हाती ठोस काही लागलं नाही.

अवशेषच नसल्यामुळे घातपात नव्हताच असं मीही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. चौकशी मंडळानेही कारण निश्चित केलेलं नाही. पण खराब हवा, अरुंद खिंड, प्रचाराची घाई आणि दुसऱ्या विमानात राहिलेला बीकन, एवढं समोर असताना आपण सगळे हूव्हरबद्दलच बोलत बसतो याचं मला वाईट वाटतं. बीकनबद्दल कुणी विचारत नाही.

सातबारा

धाग्यातली एक चूक दुरुस्त करतो, राग मानू नका. बीकनचा कायदा या घटनेमुळे झाला असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण तो आधीच झाला होता. १९७० च्या अखेरीस अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचा जो मोठा कायदा झाला, त्याच्या पोटात शेवटाकडे विमानांतल्या बीकनचं एक कलम आहे. कामगार कायद्यात विमानाचं कलम कसं? एका सिनेटरने ते तिथे जोडून घेतलं. जुन्या विमानांना १९७३ च्या अखेरपर्यंत मुदत होती. शिवाय अलास्का राज्याने स्वतःची सक्ती विमान गायब व्हायच्या महिना-सव्वामहिना आधी लागू केली होती.

त्या कलमामागे दुसरंच एक प्रकरण आहे. १९६७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरात तिघांचं एक कुटुंब विमानासकट कोसळलं. तिघंही वाचले होते. मुलगी सोळा वर्षांची. तिची रोजनिशी सापडली, तीत जवळजवळ दोन महिन्यांच्या नोंदी आहेत. शोध केव्हाच थांबला होता. विमान मिळालं ते महिन्यांनंतर, तेव्हा कुणीच उरलं नव्हतं. जवळच्या रस्त्यापासून ती जागा फार लांबही नव्हती.

बॉग्ज-बेगिच प्रकरणाचं श्रेय वेगळं आहे. नुसता बीकन पुरत नाही, त्याची हाक ऐकणारं कुणीतरी वर हवं, हे त्यानंतर लोकांना पटलं. नासात उपग्रहावरून असे संदेश टिपण्याच्या कामाला गती आली, आणि पुढे अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी मिळून उपग्रहांवरून बीकनची हाक टिपणारं कोस्पास-सारसॅट हे जाळं उभं केलं. शीतयुद्धाच्या ऐन भरात! १९८२ पासून त्यावर माणसं वाचायला लागली.

होकायंत्र

सातबारा, राग कसला, उलट आभार. मूळ धाग्यातलं माझं वाक्य चुकलं. त्या मुलीबद्दल वाचून मात्र आता झोप येणार नाही.

माळरान

त्याच आठवड्यातली आणखी एक गोष्ट. १३ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे यांच्या तीनच दिवस आधी, उरुग्वेच्या रग्बी संघाचं विमान अँडीज पर्वतात पडलं. तिथला शोध आठ दिवसांत थांबवला. पांढऱ्या बर्फात पांढरं विमान, वरून दिसलंच नाही. शोध थांबल्याची बातमी त्या मुलांनी स्वतः ट्रान्झिस्टरवर ऐकली. आणि ७२ दिवसांनी, डिसेंबरात, सोळा जण जिवंत परत आले.

बेगिच यांच्या घरी ती बातमी कशी वाचली असेल, हा विचार मनातून जात नाही.

पागोळी

माळरान, त्या एका ओळीसाठी लिहायला बसले. आमच्या घरी हे झालेलं आहे.

माझा धाकटा काका मी सात वर्षांची असताना कामासाठी म्हणून निघाला तो परत आला नाही. अपघात नाही, भांडण नाही, चिठ्ठी नाही. आजीने त्याच्या घरातल्या चपला उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवल्या होत्या. त्या तिने कधी उचलू दिल्या नाहीत. दर दिवाळीला पुसून परत तिथेच ठेवायची. भटजींनी सुचवलं की बारा वर्षं झाली, आता पालाशविधी करून टाका, पळसाच्या काड्यांचा पुतळा करतात ना, तो. आजी म्हणाली, "मी जिवंत असेपर्यंत माझ्या लेकाचा पुतळा जाळायचा नाही." विषय संपला.

काकूचे हाल वेगळेच. कुंकू लावलं तरी लोक बघायचे, नाही लावलं तरी बघायचे. काकाच्या नावावरचे थोडे पैसे काढायला गेली तर मृत्यूचा दाखला आणा म्हणाले. दाखला कुठून आणायचा? सात वर्षं काहीच ठावठिकाणा नसेल तर कोर्टात जा. तोवर दोन मुलांना घेऊन तिने काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. शिवणयंत्रासाठी कर्ज मागितलं तर नवऱ्याची सही हवी होती.

म्हणून मला बॉग्ज यांच्या बायकोबद्दल जाणून घ्यायचंय. तिचं पुढे काय झालं?

सातबारा

पागोळी, वाचून गलबललं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे. आधी त्या जागांचं काय झालं ते सांगतो, म्हणजे दुवा लागेल.

७ नोव्हेंबरला मतदान झालं तेव्हा विमान गायब होऊन तीन आठवडे झाले होते आणि शोध चालूच होता. मतपत्रिकेवर दोघांची नावं तशीच होती. बॉग्ज बिनविरोध. बेगिच यांना सुमारे ५६ टक्के मतं पडली आणि समोरचे डॉन यंग हरले. ते जिवंत नसणार हे मनोमन ओळखूनही लोकांनी मत दिलं. दोन्ही निवडून आलेली माणसं सापडत नाहीत, मग करायचं काय? अलास्कात ज्यूरीपुढे सुनावणी होऊन डिसेंबरातच बेगिच यांचा मृत्यू गृहीत धरला गेला. बॉग्ज यांच्या राज्यात, लुइझियानात, तसं काही झालं नाही. शेवटी ३ जानेवारी १९७३ ला नव्या सभागृहाने पहिलाच ठराव केला तो बॉग्ज यांची जागा रिकामी झाल्याचा. मृत्यूचा दाखला नसताना, केवळ माणूस हजर नाही म्हणून.

मार्च १९७३ मध्ये दोन्हीकडे पोटनिवडणुका झाल्या. अलास्कात डॉन यंग जिंकले आणि मार्च २०२२ मध्ये वारले तोवर, म्हणजे ४९ वर्षं, त्याच जागेवर राहिले. बेगिच यांचा मुलगा मार्क पुढे सिनेटर झाला. नातू, त्याचंही नाव निक बेगिचच, २०२४ मध्ये आजोबांच्याच जागेवर निवडून आला, पण विरुद्ध पक्षातून.

आणि लुइझियानात निवडून आल्या लिंडी बॉग्ज. हेल यांच्या पत्नी. त्या राज्यातून प्रतिनिधिगृहात निवडून गेलेल्या पहिल्या बाई.

होकायंत्र

पुढचं मी सांगते, कारण हे मला फार आवडतं.

लिंडी सभागृहाच्या बँकिंग समितीवर आल्या. १९७४ मध्ये समितीपुढे कर्जाच्या समान संधीचा कायदा होता. वंश, वय वगैरे कारणांवरून कर्ज नाकारता येणार नाही, अशी यादी त्यात होती. यादीत बाई असणं नव्हतं आणि लग्न झालंय, नाहीये की नवरा गेलाय, हेही नव्हतं. लिंडींनी मसुद्यावर स्वतःच्या हाताने 'स्त्री-पुरुष किंवा वैवाहिक स्थिती' एवढे शब्द घातले, शेजारच्या खोलीत जाऊन त्याच्या प्रती काढल्या आणि प्रत्येक सदस्यापुढे एकेक ठेवली. हे शब्द तुमच्याकडून नजरचुकीने राहून गेले असणार, अशी माझी खात्री आहे, असं त्या अगदी मायेने म्हणाल्या. कुणाची ना म्हणायची छाती झाली नाही. ते शब्द कायद्यात गेले आणि तिथेच आहेत.

पागोळी, तुमच्या काकूंना शिवणयंत्रासाठी नवऱ्याची सही मागितली ना, त्याच सहीबद्दलचे ते शब्द होते. लिंडी १९९१ पर्यंत खासदार होत्या.

पागोळी

आईला आणि काकूला हे वाचून दाखवलं. काकू आता सत्तरीची आहे. ती एवढंच म्हणाली, "बाईने बरं केलं." मग बराच वेळ काही बोलली नाही.

चष्मेबद्दूर

हूव्हरची मृत्यूची तारीख मी खरंच पाहिली नव्हती. माझं सगळं मत बदललंय असं नाही, वॉरन आयोगाबद्दल वाचत राहणारच. पण बीकनचा मुद्दा पोचला.

एक शंका. एवढं धातूचं विमान पन्नास वर्षांत कुठेच दिसू नये? आपल्याकडे आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डींचं हेलिकॉप्टर नल्लमल्लाच्या जंगलात दुसऱ्या दिवशी मिळालं, अरुणाचलचे मुख्यमंत्री दोरजी खांडूंचं पाचव्या दिवशी.

पिस्टन

जंगलात पडलेलं जागेवर राहतं. अलास्कात दोन शक्यता, आणि दोन्ही वाईट. प्रिन्स विल्यम साउंडमध्ये पाणी खोल आहे, गेलं तर गेलंच. दुसरी शक्यता चुगाच डोंगरातल्या हिमनद्यांची. वरच्या भागात पडलं तर पहिल्या हिमवर्षावात झाकलं जातं, पुढच्या हिवाळ्यात आणखी काही मीटर खाली जातं आणि बर्फाचा भाग होऊन हळूहळू उताराला लागतं.

पण हिमनदी पोटातलं परतही देते. नोव्हेंबर १९५२ मध्ये ५२ माणसं असलेलं अमेरिकी हवाई दलाचं सी-१२४ विमान याच चुगाच रांगेत गॅनेट पर्वतावर आदळलं. अवशेष तेव्हा दिसले होते, पण बर्फाने लगेच गिळले. जून २०१२ मध्ये नॅशनल गार्डच्या एका हेलिकॉप्टरला कॉलनी हिमनदीच्या खालच्या टोकाशी काहीतरी पिवळं दिसलं. साठ वर्षांत बर्फाने ते विमान तुकड्यातुकड्यांनी खाली आणून ठेवलं होतं. त्यानंतर दर उन्हाळ्यात तिथे पथक जाई, आणि बहुतेक सगळ्यांची ओळख पटली. कुणाकुणाच्या मुलांना वयाच्या सत्तरीत वडील मिळाले.

माळरान

म्हणजे अजून मिळू शकतं.

होकायंत्र

मिळू शकतं. पोर्टेज खिंडीच्या तोंडाशी, पोर्टेज सरोवराच्या काठावर वनखात्याचं एक केंद्र आहे, १९८६ मध्ये सुरू झालेलं. नाव 'बेगिच, बॉग्ज केंद्र'. समोरची पोर्टेज हिमनदी लोकांना नीट दिसावी म्हणून त्याला मोठ्या काचा लावल्या. गेल्या काही दशकांत हिमनदी एवढी मागे हटलीय की त्या काचांतून ती आता दिसत नाही. डोंगराच्या वळणाआड गेलीय. बघायची तर बोटीने सरोवर ओलांडून जावं लागतं.